म्हसोबाची कास

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

जया, सूनबाई, लिही. मला अक्षर येत नाही म्हणून राग पोटातच ठेवायचा असा काही कायदा नाही. पतपेढीची डायरी दरसाल घरात येते आणि दरसाल रद्दीत जाते. यंदा निदान माझा राग घेऊन जाईल. तू शाळेत बाई होतीस, माझं बोलणं लिहिताना साफसूफ करणारच. कर. पण तोंडावर कुणाला काय बोलले ते जसंच्या तसं ठेव. शिव्या गाळ. सगळ्या नको गाळूस.

आज बागेच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लागला. निळ्या पाण्यातून उडी मारणारा एक मासा, त्याला चोच, आणि वर तो हसतोय. मी जयाला विचारलं, हा कोण? म्हणाली, डॉल्फिन, समुद्रात असतो. कारंज्यातली म्हैस काढून तिथं तीन डॉल्फिन बसवणार आहेत. फायबरचे, पोटात रंगीत दिवे. मुठेच्या पाण्यात साधा मासा तग धरत नाही आणि हे समुद्रातून पाहुणे आणणार.

ती म्हैस माझी आहे. म्हणजे पुतळा सरकारचा, म्हैस माझी. चंद्री तिचं नाव, कपाळावर पांढरा चांदवा. एक्केचाळीस वर्षं झाली. कर्वेनगरला तेव्हा आम्ही हिंगणेच म्हणायचो, आणि आमच्या गोठ्यात अकरा म्हशी होत्या. शहरातून दिगंबर मास्तर नावाचे मूर्तिकार आले. बागेतल्या कारंज्यासाठी त्यांना म्हैस घडवायची होती. महिनाभर ते शेणात पाट टाकून बसले आणि चंद्रीला मातीत उतरवलं. पहिल्यांदा कास चुकली. चारही सड सारखे काढले. मी म्हटलं, “मास्तर, ही माझी म्हैस हाय, क्यालेंडरातली न्हाई. डावीकडचा मागचा सड आटलाय तिचा.” माणूस भला. खाली वाकून बघितलं आणि पुन्हा केलं. मग ती ब्राँझमध्ये ओतून आली. तेव्हापासून हौदात बसलीय, नाक वर करून. पाठीवरच्या बारीक भोकांतून पाणी झरतं, उन्हाळ्यात मी बादली उपडी करायची तसं. पोरांनी बसून बसून तिची पाठ घासून सोन्यासारखी केलीय, बाकी अंग हिरवंगार.

खरी चंद्री केव्हाच गेली. तिच्या लेकी, नाती मीच सांभाळल्या. पंधरा वर्षांपूर्वी गोठ्याची जागा बिल्डरला गेली, म्हशीही गेल्या. आता तिथं ‘गोकुळ हाइट्स’ आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दावणीला गाड्या. ती गोष्ट वेगळी. तिचा मला राग नाही. लिही, राग नाही.

पेन का थांबलं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

बागेच्या ऑफिसात गेलो, मी आणि जया. ऋचा मॅडम म्हणून इंजिनियर आहेत, माझ्या नातीच्या वयाच्या.

“आजी, नवीन थीम अंडरवॉटर आहे.”

“मंग म्हस कुठं बसलीया? माळावर?”

“तसं नाही. लुक जुना वाटतो हो. सगळी हिरवट पडलीय.”

“मी बी पडलीय. मला कधी उचलताय?”

पोरीला हसू आलं, पण तिनं ते फाईलमागे लपवलं. म्हणाली, म्हैस काही फेकून देणार नाही, शहराबाहेरच्या गोडाऊनला नीट ठेवणार.

“आजवर तिथं जे ठेवलं, त्यातलं परत काय आलं?”

तिनं फाईल मिटली. मग म्हणाली, “मी जॉइन झाल्यापासून तरी काही नाही.” खरं बोलली. म्हणून तिला शाप दिला नाही.

हरकत लेखी द्या म्हणाली. जयानं तिथंच बाकावर बसून लिहिली. अंगठा लावायच्या आधी मी तीनदा वाचून घेतली. शाई लावल्यावर पुन्हा म्हटलं, वाच. जया म्हणाली, “आई, मी काय तुम्हाला फसवतेय का?” मी म्हटलं, तू नाही गं. वाच.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उत्तर आलं. हरकती घेण्याची मुदत एकतीस जानेवारीला संपली होती. फ्लेक्स लागला दहा फेब्रुवारीला. म्हणजे जे मला माहीतच नव्हतं, त्याला मी ते माहीत होण्याआधी हरकत घ्यायला हवी होती. शिकलेल्या लोकांचं हे मला फार आवडतं.

सोमवारी क्रेन येणार.

जेवताना रणजितला सांगितलं. माझा एकुलता एक. म्हणाला, “आई, जाऊ दे ना. ती काय खरी म्हैस आहे?”

मी म्हटलं, “खऱ्या व्हत्या तवा तरी तू काय केलंस?”

तो ताटावरून उठला. जया, हे गाळ.

गाळलंस ना?

सोमवार, २४ फेब्रुवारी

या शहरात रस्ता रुंद करताना माणसांची घरं पाडतात. दुकानं पाडतात. पिंपळ तोडतात. पण मध्ये शेंदूर फासलेला एखादा दगड आला की अख्खा रस्ता त्याला वळसा घालून जातो. सत्तर वर्षं हे मी उघड्या डोळ्यांनी बघितलंय. त्याला अक्षरं लागत नाहीत.

आज पहाटे पाव किलो शेंदूर तेलात कालवला आणि लिफ्टनं खाली गेले. बागेचं फाटक साडेपाचला उघडतं. रखवालदार तोंड धूत होता. परकर खोचून हौदात उतरले. पाणी गुडघ्याएवढं, गार. चंद्रीच्या कपाळाला, शिंगांना, नाकाला शेंदूर चोळला. झेंडूची माळ घातली, लिंबू ठेवलं, नारळ फोडला. तिला म्हटलं, बाई, थोडे दिवस देव हो, नाहीतर भंगार होशील. मग बाकावर येऊन शेंगा खात बसले.

सहाला फिरणारे आले. पहिल्यानं मोबाईल काढला. दुसऱ्यानं बूट काढले. तिसऱ्या बाईनं पदर घेतला आणि म्हणाली, म्हसोबा! मला बोलायची गरजच पडली नाही.

आठच्या सुमाराला उत्तरेश्वर आला. फाटकाजवळ त्याचं ‘जागा भाड्याने मिळेल’चं दुकान आहे. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणून दोन वर्षं पांढरे कपडे घालून फिरतोय, अजून डाग पडायची संधी मिळाली नव्हती. त्यानं बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत जे आलं ती भक्ती नव्हती. मी बाजारात म्हशी घेतल्यात, गिऱ्हाइकाचे डोळे मला कळतात.

दहाला क्रेन आली. ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले, पुन्हा चढला आणि आल्या वाटेनं गेला. ऋचा मॅडम फोनवर म्हणत होत्या, “सर, आता कसं करायचं? लोक आरती करतायत.”

घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. पुष्कळ दिवसांनी भूक लागली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

अमावस्या. फाटकापर्यंत रांग. फ्लेक्सवरच्या डॉल्फिनच्या तोंडावर कुणीतरी म्हसोबाचा फोटो चिकटवला. हसणं बंद झालं त्याचं. माझं सुरू झालं.

मंगळवार, ४ मार्च

आज लिहिताना माझा आवाज चढला तर दार लावून घे.

चंद्रीवर पत्र्याची शेड घातली. चारी बाजूंनी स्टीलचा कठडा. पोरांनी हौदाजवळ यायचं नाही, चपलेचं पाणी देवाला लागतं. आणि पाणी बंद! कारण काय, तर देवाच्या अंगावरून आलेलं पाणी खाली गटारात जातं, पाप लागतं. हौद उपसून कोरडा केला, त्यात फरशी बसवली. एक्केचाळीस वर्षं पाण्यात बसलेली म्हैस फरशीवर बसवली. शेंदूर मी बोटानं लावला होता, यांनी डब्यानं ओतला. डोळे बुजले. चांदवा बुजला. समोर आता नुसता शेंदराचा गोळा दिसतो.

आणि कास! कासेला हिरवं खणाचं कापड गुंडाळलंय, गाठ मारून.

उत्तरेश्वर तिथंच उभा होता. मी विचारलं, “ह्ये कापड कशाला?”

“आजी, देव आहे. बरं दिसत नाही.”

“म्हसोबाला कास असती व्हय रं?”

“देवाला काय नर आणि मादी, आजी!”

“मंग झाकलीस कशापायी?”

तो फोन कानाला लावून बाजूला झाला. नेता आहे, उत्तर उद्या सुचेल.

घरी आले तर रणजित फोनवर. उत्सव समितीचा उपाध्यक्ष झालाय. फाटकावरच्या नव्या फ्लेक्सवर त्याचा फोटो आहे, हात जोडलेला. मला म्हणतो, “आई, आपल्या भागाला देव मिळाला. तुला आनंद नाही झाला?” पोरगा लबाडीनं नाही बोलला, हेच वाईट. खरंच मानतो. लहानपणी विंचू चावला तेव्हा डॉक्टरच्या आधी यानं देवाचं नाव घेतलं होतं.

जया, मी काय करून बसले गं?

रविवार, ९ मार्च

आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सकाळच्या आरतीला गर्दी होती. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि म्हटलं, “ऐका. ह्यो शेंदूर देवानं न्हाई लावला, मी लावला. ह्या हातानं. क्रेन येणार व्हती म्हणून लावला. ही म्हस हाय. चंद्री. माझ्या गोठ्यातली. पत्रा काढा, पाणी सोडा.”

झांजा थांबल्या. मला वाटलं, झालं, कळलं.

मग एक म्हातारा पुढं आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “माउली, देवानं तुमच्या हातून करून घेतलं.”

“देवानं न्हाई रं बाबा, मी केलं. शेंदूर किराणा दुकानातनं आणला.”

“तेच तर! दुकानात जायची बुद्धी कुणी दिली?”

मी जितकं म्हणतेय की मी केलं, तितके लोक पाया पडतायत. उत्तरेश्वरनं माझ्या गळ्यात हार घातला आणि माझा फोटो काढला. खोटं बोलले तर देव झाला, खरं बोलले तर मी संत झाले. यापेक्षा ऋचा मॅडमचा डॉल्फिन बरा होता. तो निदान मासा असल्याचं तरी कबूल करत होता.

नातीचा हडपसरहून फोन आला, तिथं कंपनीत असते. “आजी, तू व्हायरल झालीस!” मी म्हटलं, औषध आहे का त्याच्यावर?

मंगळवार, १८ मार्च

तीन वर्षांची एक पोर कठड्याखालून सरकून चंद्रीच्या पाठीवर चढली. रोजची सवय तिची. समितीच्या माणसानं दंडाला धरून ओढली. आईनं पोरीलाच चापट मारली आणि दंड म्हणून देवाला नारळ वाढवला.

आज एवढंच. जेवले नाही.

रविवार, ३० मार्च. पाडवा

गुढी उभारली. आता कालचं लिही.

काल शनिवार, आणि अमावस्या. संध्याकाळच्या आरतीला मी गेले, ठरवून गेले. खरं सांगून लोक ऐकत नाहीत ना, मग ज्याचं ऐकतात तो बोलावलाच पाहिजे. अंगात आणायला फार काही लागत नाही. माझ्या सासूच्या अंगात दर अमावस्येला यायचं, बहुतेक भांडी घासायच्या वेळी. तीस वर्षं जवळून बघितलंय.

हलगी वाजायला लागली तसा मी अंबाडा सोडला आणि घुमायला लागले. आधी कुणी बघेचना. सगळ्यांचे मोबाईल देवाकडे. दोनदा फुंकारले तेव्हा शेजारची बाई किंचाळली, “आला! म्हसोबा आला!” मग वाट झाली. कुणी कुंकू टाकलं, कुणी लिंबू ओवाळलं. उत्तरेश्वर हात जोडून पुढं आला. रीत असते तशी विचारलं, “कोण आलंय? नाव सांगा.”

“माझ्याच डोक्यावर पत्रा घालतोस आन् माझंच नाव इचारतोस?”

त्याचा चेहरा उतरला. जया, तो चेहरा मी जन्मभर विसरणार नाही.

“चुकलं देवा. काय पाहिजे?”

“पाणी पाहिजे. डोळं बुजवलंस माझं. कास बांधलीस. मी दूध देणारी हाय. नर न्हाई मी!”

क्षणभर तो गडबडला. मग वळून लोकांना ओरडला, “म्हसाई आहे! म्हसोबा नाही, म्हसाई!” आणि सगळे ओरडले, म्हसाईच्या नावानं चांगभलं. होणार हा नगरसेवक. मी सांगून ठेवते.

“पत्रा काढ. कठडा काढ. आन् लेकरं बशीव माझ्या पाठीवर, पाठ खाजतीया. न्हाई बशिवलीस तर तुझ्या फ्लेक्सावर शेण पडंल.”

एवढंच ठरलेलं होतं. एवढं बोलून मी पडायची होते, आणि पडले. जयानं धरलं. नाटक संपलं.

आता जया म्हणते की संपलं नव्हतं. म्हणते, “आई, पडायच्या आधी तुम्ही यांच्याकडे वळलात.” यांच्याकडे म्हणजे रणजितकडे. तो समितीचा फेटा बांधून उभा होता. आणि म्हणे मी त्याच्याकडे बोट करून ओरडले, “दावी कुणी सोडली? मी बहिणीकडं गेले व्हते, मागं दावी कुणी सोडली? लाईट बिलाचा कागद म्हणून अंगठा कशावर घेतलास?” म्हणे तीनदा ओरडले. म्हणे शेवटी शेवटी मी हंबरले.

मी असलं काही बोलले नाही. मला चांगलं आठवतंय, मी फ्लेक्सवर शेण पडेल म्हणाले आणि पडले. जया म्हणते, बोललात, सगळ्यांनी ऐकलं. कुणाला अर्थ लागला नाही, देवाची भाषा म्हणून सोडून दिलं. फक्त हे मटकन खाली बसले.

लिही बाई, तुला लिहायचंच असेल तर. मला कुठं वाचता येतं.

मंगळवार, १ एप्रिल

सकाळी पत्रा निघाला. कठडा अर्धा निघालाय, उरलेला उद्या. प्लंबर आला होता. ऋचा मॅडम स्वतः उभ्या राहून फरशी फोडून घेत होत्या. मला बघून हळूच म्हणाल्या, “आजी, डॉल्फिन दुसऱ्या बागेत गेले. तुम्ही मात्र तिकडे जाऊ नका.” गुणाची पोर आहे.

अकराला पाणी सुटलं. आधी गढूळ, लाल. शेंदूर वितळून पाठीवरून ओघळत होता. जायला एक पावसाळा लागेल, कासेजवळचा जरा जास्त घट्ट आहे. पण एक डोळा उघडला. कापड मीच सोडलं, चारही सड मोजून बघितले. लोक अजून लांबून हात जोडतात. जोडू देत. पोरं मात्र चढली, चार एका वेळी, आणि त्यांना हटकायची कुणाची टाप झाली नाही. देवीचा हुकूम आहे.

आता दुसरं लिही. जया, हे तुझ्या नवऱ्याबद्दल आहे. तरी लिही.

दुपारी तू भाजीला गेली होतीस. मी पलंगावर पडले होते, डोळे मिटून. रणजित आला. दार लोटून घेतलं. पायाशी नारळ ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, झोपलेय म्हणून हळू बोलतोय. पण तो माझ्याशी बोलतच नव्हता.

म्हणाला, “आई म्हसाई, चुकलं माझं. बिल्डरचा कागद तिला वाचून दाखवला नाही. ती हडपसरला मावशीकडं गेल्यावर म्हशींचा टेम्पो बोलावला, कारण तिच्यासमोर दावी सोडायची माझी हिंमत नव्हती. धाकटी रेडी टेम्पोत चढेना, तिला मीच मारलं. पंधरा वर्षं झोप नाही. तुला सगळं ठाऊक आहे. फक्त आईला कळू देऊ नको.”

आणि रडला. पन्नाशीचा बाप्या, गादीत तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला.

मला ठाऊक नव्हतं होय? परत आले त्याच दिवशी ठाऊक होतं. गोठ्यात शेण ताजं होतं आणि म्हैस एकही नव्हती. पंधरा वर्षं मी त्याला वाढतेय, आणि प्रत्येक घासाला वाट बघतेय की आता बोलेल, आता बोलेल. रेडीला मारलं, हे मात्र आज कळलं. ते ऐकून असा संताप आला की हात उचलणार होते. पण हात उचलला असता तर त्याला कळलं असतं की आत देवी नाही, मी आहे. मग त्यानं उरलेला जन्म तोंड उघडलं नसतं.

म्हणून मी डोळे न उघडता, त्याच जाड आवाजात म्हटलं, “माफ केलं.”

तो पाय धरून बराच वेळ बसला. मग नारळ उचलला, डोळे पुसले, बाहेर जाऊन पुन्हा आत आला आणि म्हणाला, “आई, उठतेस का? चहा करू?”

देवी म्हणून मी त्याला माफ केलं, तिचं काय जातं. आई म्हणून अजून त्यानं मला विचारलेलंच नाही.